कोपऱ्यातला ‘म’

सांगतो, सांगतो — आधी ते बोट खाली करा. दिसतंय मला, चष्मा नाकावर आहे माझ्या. ‘म’ आहे तो. कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, तिळाएवढा. अख्ख्या घरानं या लॅपटॉपपुढे डोकं फोडून घेतलं, तुमच्या ऑफिसातल्या आयटीवाल्यांनी फोनवरून तासन्‌तास अक्कल शिकवली, तेव्हा तो कुणाला दिसला नाही, आणि तुम्ही आज दुरुस्तीला आलात, पाणीसुद्धा प्यायला नाहीत, आणि लगेच — ‘आजोबा, हे मराठी कोणी केलं?’ असं विचारायचं असतं का म्हाताऱ्या माणसाला? घरात दुसरं कोणी नाही, सून पोरीला आणायला शाळेत गेलीय, मुलगा कामावर, उरलो मी — म्हणजे तुम्हाला कळलंय, आणि तरी माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय. पोलिसात जायला हवं होतं तुम्ही. बसा. पासवर्ड सुनेकडे आहे, ती येईपर्यंत तुम्हाला बसायचंच आहे, आणि मला — मला काय, मला बसायचंच असतं. पण एक सांगून ठेवतो, मी बोलेन त्यातलं काही तिच्या नावावर लिहायचं नाही. पेन खिशात घाला. फोनही उलटा ठेवा टेबलावर. हां.

ती तुमच्याच ऑफिसची, ती काय करते ते तुम्हाला मी काय सांगणार — मलाच धड माहीत नाही. मालाच्या गाड्या कुठे पोचल्या, कुठे अडकल्या, ते बघते म्हणे. इथे बसून. ऑफिस कुठच्या कुठे, आणि ही या टेबलाशी गाऊनवर ओढणी टाकून बसली की इथून त्या तिकडच्या मशीनमध्ये शिरते. रिमोट लॉगिन. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मी टीव्हीचा रिमोट नेऊन दिला होता तिला — हसा, हसा, तुम्हीच कशाला मागे राहता, सगळे हसून झालेत. आमच्या चिरंजीवांनी तर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं ते. साडूचा फोन, मेव्हणीचा फोन, सगळ्यांचं एकच — काय हो, रिमोट सापडला का? आता मी दुसरीपर्यंत गेलेला माणूस. मराठी वाचतो — ओठ हलवत, एकेक अक्षर चावत, पण वाचतो. इंग्रजी म्हणजे मला मुंग्यांची रांग. त्याची लाज कधी वाटली नव्हती, जन्म कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर गेला, लेथला इंग्रजी लागत नाही. त्या ग्रुपनंतर वाटायला लागली. ते जाऊ द्या, ते तुमच्या कामाचं नाही.

कामाचं हे — की तिला अजून कायम केलेलं नाही तुम्ही. बघू, ठेवू, असं चाललंय. आणि तुमचा नियम — हे मशीन तिनंच वापरायचं, घरातल्या कुणी बोट लावायचं नाही, लावलं की मशीन परत आणि ती घरी. बरोबर? बरोबर. तिनं मशीन आणलं त्याच दिवशी मला सांगितलं होतं, ‘बाबा, याला तुम्ही हात नाही लावायचा हं.’ मी केवढ्यानं भडकलो तिच्यावर! म्हटलं, मला शिकवतेस? आमच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या लेथला कुणी हात लावला तर मी बोलत नसे, सरळ कॉलर धरत असे. ‘बरं बाबा, चुकलं,’ म्हणाली. ऐकताय ना? ती म्हणाली चुकलं.

तर ते अपग्रेड आलं. भरदुपारी. कोण ठरवतो हो हे, भरदुपारी पाठवायचं? पोरीच्या दाढेची वेळ घेतलेली दाताच्या डॉक्टरची, आणि इकडे मशीन म्हणतंय, थांबा, बंद करू नका. सुनेनं बोट टेकवून उघडून दिलं, जरा वेळ वाट बघितली, मग घड्याळ बघितलं, आणि निघाली. जाताना म्हणाली, ‘बाबा, ते आपोआप होईल. फक्त चार्जर निघणार नाही एवढं बघा.’ म्हणजे राखण दिली ना माझ्याकडे? मी खुर्ची ओढून बसलो. ते गोल फिरतंय. फिरतंय. लेथ फिरतो तेव्हा समोर काहीतरी कातलं जातं, चुरा पडतो, माणसाला दिसतं काय चाललंय ते. हे नुसतंच फिरतं. मध्येच सगळं काळं झालं — माझा जीव वर. मग उजळलं आणि प्रश्न विचारायला लागलं. इंग्रजीत. एक चौकोन, खाली निळं बटण. बराच वेळ मी काही केलं नाही. पण ते थांबलं होतं हो, वाट बघत होतं. मला वाटलं, आता उत्तर दिलं नाही तर सगळं अडकेल, हिचं उद्याचं काम बुडेल, तुम्ही लोक हिला बोल लावाल — नाही. थांबा. हे खोटं आहे. हे मी नंतर मनाशी जुळवलंय. खरं असं की त्या चौकोनात एक यादी होती, लांबलचक, सगळ्या जगाच्या भाषांची, आणि त्या गर्दीत एकच शब्द माझा होता. ‘मराठी’. बस. जत्रेत हरवलेल्या पोराला आई दिसावी तसं झालं मला — आता हसू नका, मी बोलतोय.

तेवढ्यात मावशी आली फरशी पुसायला. मावशी म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची, पण नात मावशी म्हणते म्हणून सगळं घर मावशी म्हणतं, आणि ती मला आजोबा म्हणते. मी म्हटलं, ‘मावशी, इकडे या, हे वाचा काय आहे.’ तिनं हात पुसले, वाकून बघितलं. ‘अगंबाई, मराठी की हो आजोबा!’ मी म्हटलं, ‘दाबू का?’ ‘तुम्हालाच विचारतंय ना? मग दाबा की!’ यात तिचा दोष काय? काही नाही. बोट माझं. दाबलं. मग निळं बटण दाबलं. पुढे आणखी काय काय आलं त्यावरही निळंच दाबत गेलो, आणि आपल्या रोजच्या फुलांच्या चित्रावर येऊन ते उभं राहिलं. झालं होतं काम. तिथे उठायला हवं होतं मी.

पण खाली एक पांढरी पट्टी होती, त्यात काडी लुकलुकत होती, आणि माझं बोट गेलं एका बटणावर — बटणावर इंग्रजी, अन् पट्टीत उमटलं मराठी! अहो, मी जन्मात सहीखेरीज काही लिहिलेलं नाही. सहीसुद्धा चित्रासारखी काढतो. मावशी म्हणाली, ‘तुमचं नाव लिहा आजोबा.’ मी म्हटलं, नावात काय, नाव सगळ्यांना माहीत आहे. मी ‘गाढव’ लिहायला घेतलं. कुणासाठी म्हणजे? चिरंजीवांसाठी. त्या ग्रुपसाठी. पाठवायचं नव्हतं कुठे, नुसतं एकदा लिहायचं होतं. ग सापडला, काना सापडला, पण ढ कुठे गेला! बटणांवर लिहिलेलं नाही ना. मी दाबतोय, ती दाबतेय, ट येतोय, च येतोय, शेवटी ड मिळाला तर त्यावरच भागवलं — ‘गाडव’. ती म्हणाली, ‘आजोबा, हा गाडव कोण?’ आणि हसत सुटली. मीपण. पोट धरून हसलो हो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरात माझ्यावर हसतात सगळे, माझ्याबरोबर कोण हसतं? मग तिनंच शोधलं, शेजारचं मोठं बटण दाबून धरलं की ड चा ढ होतो. ‘गाढव’. झालं. सुबक. दोघं बघत बसलो जरा वेळ. तो शब्द अजून आत कुठेतरी असेल, तुम्हाला दिसला असणारच, मघाशी तुमची भुवई वर गेली. तुमच्यासाठी नाही तो.

दुसऱ्या दिवशी सून बसली कामाला. मशीन बोटानं उघडलं, पण रिमोट लॉगिनला पासवर्ड लागतो. नाव आधीपासून भरलेलं असतं, पासवर्ड तेवढा टाकायचा. टाकला. काळे ठिपके उमटले, आणि आतून उत्तर — चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. मग ते कुलूपच लागलं. आता तुम्ही मघाशी समजावलंत म्हणून कळतंय — ती बटणं इंग्रजी दाबत होती, आत जात होतं मराठी, आणि वर दिसत होते नुसते ठिपके. ठिपका इंग्रजी की मराठी, देवाला तरी कळेल का? पण तेव्हा मला कळलं नव्हतं. खरंच नव्हतं. म्हणजे — कळलं नव्हतं, आणि तरी मी खुर्ची टेबलापासून मागे सरकवली होती. दोन्ही एकदम होतं, माहीत आहे का तुम्हाला? नसेल. तरुण आहात.

फोन लावला तिनं, स्पीकर चालू. तिकडे आयटीवाली पोरगी. मॅडम, कॅप्स लॉक बघा. बघितला. नेट बंद करून चालू करा. केलं. रिस्टार्ट करा. केलं. ती तिकडून कुलूप काढायची, ही इथे पासवर्ड टाकायची, पुन्हा कुलूप. सुनेच्या हाताला घाम सुटला, ओढणीला पुसते आणि टाकते, पुसते आणि टाकते. तिकडे गाड्या खोळंबलेल्या, तिचा वरचा साहेब मेसेज करतोय, सबबी सांगू नका. मग ती पोरगी म्हणाली, अपग्रेडच्या आधी चालत होतं, आता चालत नाही, मग मॅडम, मध्ये काय झालं? मध्ये! मध्ये मी होतो. या इथे, या खुर्चीत, हातात चहा. ‘घरातल्या कुणी हात लावला का?’ आणि आमची सून ताठ मानेनं म्हणते, ‘छे हो. घरी फक्त माझे सासरे असतात. ते नाही लावणार, शब्दाचे पक्के आहेत.’ एवढं बोलून ती थांबली असती आणि पुढे कुणी तोंड उघडलं नसतं तर मी उठलो असतो. गुडघ्यांवर हात टेकले होते मी उठायला — गुडघ्यांना विचारा. पण मागून चिरंजीव, तोंडाला दाढीचा फेस, ‘बाबा? बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नाही! रिमोट लॉगिन म्हटल्यावर टीव्हीचा रिमोट आणून दिला होता त्यांनी!’ आणि फोनमधली पोरगी हसली. कुठली कोण, कधी बघितली नाही मला. फिसकन हसली. मग नाही उठलो. निर्दोष सुटलो ना मी तिथल्या तिथे. मूर्ख म्हणून सुटलो, पण सुटलो.

मग घरात तपास. चिरंजीव म्हणाले, टेबल कोण पुसतं? मावशी दारातच होती, बादली हातात. ‘मावशी, याला ओलं फडकं लावलंत का?’ ‘नाही दादा, मी त्याला कधी हात नाही लावत.’ म्हणजे बघा, तिनं तरी कुठे खरं सांगितलं — ढ कुणी शोधला होता? पण ते माझ्यासाठी. मला झाकायला. आणि मी — मला कुणी विचारलं नव्हतं. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. मी आपणहून बोललो. म्हणालो, ‘पुसत होती. मी बघितलंय.’

तो ग्लास द्या इकडे. तुम्ही पीत नाही तर मी पितो.

बघितलं तिनं माझ्याकडे. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर मीही चार शब्द ऐकवले असते, मला तेवढंच जमतं. रस्त्यात पाठमोरा माणूस बघून आपण ओळखीचा म्हणून हाक मारावी, आणि तो वळला की भलताच निघावा — तसं बघितलं. आणि म्हणाली, ‘आजोबा म्हणतात तर पुसलं असेल.’ बस. बादली बाल्कनीत ठेवली, फडकं पिळलं, दोरीवर नीट ताणून घातलं — त्याही वेळेला ताणून घातलं, सुरकुती नाही — आणि निघाली. चिरंजीव म्हणाले, उद्यापासून येऊ नका. ती उंबऱ्याबाहेर होती तेव्हा, मागे वळली नाही. ऐकलं असणार, कारण आली नाही. आणि गोष्ट तिथे थांबते का? खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही काढलं तिला. तिसऱ्या घरी आता विचार चाललाय. जिन्यात माझ्या कानावर आलं — ती ना, तिनं लॅपटॉपवर पाणी सांडलं म्हणे. फडक्याचं पाणी झालं. माझ्या तोंडून फडकं निघालं होतं, दोन मजले उतरेपर्यंत बादली झाली त्याची.

आमच्या शेडमध्ये कुणी लेथचा चक सैल ठेवून गेला की फोरमन ओरडायचा, कोण रे तो? आणि जो असेल तो म्हणायचा, मी. शिव्या खायचा आणि कामाला लागायचा. मोठी गोष्ट नव्हती ती, रोजचीच होती. मी कितीदा म्हटलंय. इथे टेबलाशी माझ्याच माणसांसमोर जमलं नाही. सून रोज त्या फोनला चिकटून बसते, जेवण पुढ्यात गार होतं, आणि मी म्हणतो, जेव गं, होईल सगळं ठीक. असा मी.

म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही परके, म्हणून जमलं. आता तुम्ही काय लिहिणार ते बोला. ओलं फडकं लिहिलंत तर सुनेची नोकरी वाचते आणि मावशीच्या कपाळी तो डाग कायमचा. घरातल्या माणसानं हात लावला असं लिहिलंत तर मावशी सुटते आणि सून घरी बसते. दोघींनी काही केलेलं नाही, आणि ज्यानं केलं त्याचं काय वाकडं होणार? माझी नोकरी आहे का कुठे जायला? असं काही लिहिता येत नाही का तुम्हाला, की एक म्हातारा होता, सुनेचा कोणी नाही लागत, वाट चुकून घरात शिरला — काय? काय म्हणालात? पुन्हा म्हणा, या कानानं कमी ऐकू येतं.

‘अपग्रेडनंतर कीबोर्ड बदलला.’ एवढंच? कोणी बदलला ते नाही? आपोआप? सगळीकडे असंच लिहिता? निम्म्या घरांत हेच झालंय — म्हणजे निम्म्या घरांत कुणीतरी काहीतरी दाबलंय, आणि तुम्ही लिहिता आपोआप. मग मघाशी विचारलंत कशाला, कोणी केलं म्हणून? सहज? सहज! अहो, मी इथे आतडी काढून ठेवली तुमच्या पुढ्यात, आणि तुम्ही आपलं सहज विचारलं होतं!

बरं. लिहा. तसंच लिहा. सुनेचं काम राहील ना पण? नक्की? कुणी तिला काही विचारणार नाही? मग लिहा, थांबू नका, लिहा.

म्हणजे आता असं होणार. ती येईल, पासवर्ड टाकेल, उघडेल. संध्याकाळी चिरंजीव येतील, ती सांगेल, अपग्रेडमुळे झालं होतं. ते म्हणतील, अरेच्चा, मग मावशींना बोलावून घे की. मावशी येईल. पुसायला लागेल. माझ्या खुर्चीपाशी आली की मी पाय वर घेईन, ती खालून फडकं फिरवेल, मी पाय खाली ठेवीन. ती बोलणार नाही, मी बोलणार नाही. शब्दाचा पक्का सासरा. मरेपर्यंत पाय वर घेत बसायचं —

नाही. नाही जमणार ते. सरका जरा, चप्पल आहे तुमच्या पायाखाली. कुठे म्हणजे? तिच्या घरी. पाण्याच्या टाकीमागे राहते, माहीत आहे मला, नाही सापडलं तर विचारीन, तोंड आहे. सून जिन्यात भेटली तर तिथेच सांगेन तिला, पोरीसमोर सांगेन. जाता जाता खालच्या बाईंची बेल वाजवीन. ज्या ज्या घरातून तिला काढलंय त्या दारात उभा राहीन आणि म्हणेन, मी. तुम्ही उठू नका, तुम्ही बसा, तुमचं काम व्हायचंय. आणि सुनेला तुम्ही काही सांगायचं नाही, माझं मी सांगेन, तुमचं ते आपोआप तुमच्यापाशी ठेवा.

आणि असं दयेनं बघू नका माझ्याकडे, मी काही संत नाही झालो. मागेन माफी सगळ्यांची, सुनेची मागेन, मावशीच्या दारात जाऊन तिची मागेन. चिरंजीवांकडून मला काही नको, त्यांच्या ते अंगात नाही, सोडून दिलंय मी. पण माझीसुद्धा कुणीतरी मागायला हवी की नाही? तुम्ही म्हणाल, म्हातारा फिरला — म्हणा. सगळे उभे होते तिथे, फोन चालू होता, एवढंच म्हणायचं होतं, ‘मशीनपुढे आजोबाच बसले होते.’ शिव्या खाल्ल्या असत्या मी, मान खाली घातली असती, संपलं असतं. मला विचारलं होतं का कुणी, तुम्हाला वाचवू का म्हणून? न विचारता एवढं मोठं ओझं माणसाच्या डोक्यावर ठेवायचं, वर फडकं ताणून घालायचं, आणि निघून जायचं! या वयात मी ते उतरवू कुठे? दार उघडंच ठेवतो, वारा येईल तुम्हाला. माझी माफी मागायची राहिलीय ती तिनं. मावशीनं.